हलते काठ

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात ‘इस्रो’नं एका तळ्याची तीन उपग्रहचित्रं प्रसिद्ध केली. तळं उत्तर सिक्कीममधलं, दक्षिण ल्होनाक नावाचं. समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरांहून उंचावर, हिमनदीच्या तोंडाशी साचलेलं. १७ सप्टेंबरला त्याचं क्षेत्रफळ १६२.७ हेक्टर भरलं, २८ सप्टेंबरला १६७.४ आणि ४ ऑक्टोबरच्या सकाळी ६०.३. मध्ये ३ ऑक्टोबरची रात्र होती. त्या रात्री तळ्याच्या कडेची गोठलेली दरड पाण्यात आली. नंतरच्या अभ्यासात या दरडीचं आकारमान सुमारे दीड कोटी घनमीटर निघालं. तिच्या धक्क्यानं वीसेक मीटर उंचीची लाट उठली, हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा नैसर्गिक बांध फुटला आणि सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी तीस्तेच्या खोऱ्यात उतरलं. खाली चुंगथांगला १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं धरण होतं, ते काही मिनिटांत वाहून गेलं. पन्नासहून अधिक माणसं दगावली, सत्तरहून अधिक सापडलीच नाहीत.

चित्रं बाहेर आल्यावर साहजिकच विचारणा झाली, की अकरा दिवसांत तळं पाच हेक्टरांनी वाढलं, ते कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? विचारणारांचा संताप समजण्यासारखा आहे, पण त्या पाच हेक्टरांचं फार करू नये. पहिलं चित्र आपल्या रिसॅट-१ए या उपग्रहाचं, पुढची दोन युरोपच्या सेंटिनेल-१ची. दोन निराळी रडार, बघण्याचे दोन निराळे कोन, त्यात काठाला ओला बर्फ. एकशेसाठ हेक्टरांत पाच म्हणजे तीन टक्के. काठाची रेघ कुठून ओढली यावरही एवढा फरक पडतो. वाढ खरी असेलही, पण तेवढ्यावर धोक्याची घंटा वाजवायची म्हटलं तर हिमालयात ती रोज कुठे ना कुठे वाजत राहील आणि आठवड्याभरात तिच्याकडे कुणी लक्ष देणार नाही.

खरा इशारा त्याआधीच्या चाळीसेक वर्षांच्या चित्रांत पडून होता. १९७७ साली हेच तळं अठरा हेक्टरांच्या आत होतं, २००८ साली ते शंभराला टेकलं. ही वाढ रेघेच्या चुकीत बसत नाही. हिमनदी मागे सरकत होती, तिनं सोडलेली जागा पाणी घेत होतं, आणि हे पाणी ज्या बांधानं अडलं होतं तो कुणी बांधलेला नव्हता. संशोधकांनी हे लिहून ठेवलं होतं. २०१६ साली तळ्यातलं पाणी उतरवण्यासाठी पाइपही टाकले गेले होते. एवढ्यानं भागणारं प्रकरण ते नव्हतं.

प्रस्तुत पुस्तक अशा ओळीनं लावलेल्या चित्रांचं आहे. तळी कशी होतात, कशी वाढतात आणि कशी आटतात हे आकाशातून पाहताना माझा एकच आग्रह आहे, तो इथेच सांगून टाकतो: नुसत्या दोन चित्रांवर भरवसा ठेवू नये. ‘आधी’ आणि ‘नंतर’ ही जोडी वर्तमानपत्राला सोयीची पडते, भाषणात टाळ्या घेते, मोबाइलवरून मोबाइलवर फिरायला हलकी असते. तळ्याचं चरित्र मात्र या दोहोंच्या मधल्या चित्रांत असतं, आणि ती बघायला चिकाटी लागते.

शाळेतल्या नकाशात तळं निळ्या रंगाचं आणि ठाम काठाचं असतं. डोंगर जसा जागच्या जागी, तसं तळंही, असा समज तिथूनच होतो. भूशास्त्राच्या हिशेबात तळं फार अल्पायुषी. खोलगट जागा झाली की पाणी येतं आणि पाण्याबरोबर गाळ येतो, त्यामुळे तळं भरायला आणि बुजायला एकाच दिवशी सुरुवात होते. शिवाय पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा झिजत जाते आणि पातळी उतरते. आज पृथ्वीवर असलेल्या तळ्यांपैकी बहुतेक शेवटच्या हिमयुगानं मागे ठेवलेली आहेत. वय दहा-बारा हजार वर्षं. फिनलंड किंवा उत्तर कॅनडाचं उपग्रहचित्र पाहिलं तर जमीन जास्त की पाणी जास्त, असा संभ्रम पडतो. बर्फाच्या जाड थरानं खडक खरवडून काढला आणि बर्फ गेल्यावर खळग्याखळग्यात पाणी राहिलं.

या नियमाला मोठा अपवाद सायबेरियातल्या बैकलचा. त्याचं वय अडीच कोटी वर्षांच्या घरात, खोली १,६४२ मीटर, आणि जगातल्या पृष्ठभागावरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्याचा पाचवा हिस्सा त्या एकट्यात. तळाशी साचलेल्या गाळाची जाडी किलोमीटरांत मोजतात. तरी ते बुजत नाही, कारण तिथे भूकवच दोन्हीकडे ओढलं जातंय आणि तळ अजून खचतोय. गाळ जेवढा पडतो त्याहून जागा जास्त होते. बैकलचा लांबट, किंचित वाकलेला आकार वरून पाहिला की ही भेग असल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला एका दिवसात जन्मलेली तळी. १८ फेब्रुवारी १९११ ला पामीरच्या पहाडात भूकंप झाला, कडा कोसळला, उसोय नावाचं गाव त्याखाली गेलं आणि मुर्गाब नदी अडली. ५६७ मीटर उंचीचा तो बांध आजही उभा आहे. माणसानं बांधलेलं एकही धरण इतकं उंच नाही. त्यामागचं सारेझ सरोवर आता ताजिकिस्तानात आहे. हुंझा खोऱ्यातल्या अट्टाबादची गोष्ट तर उपग्रहांच्या डोळ्यांदेखत घडली. ४ जानेवारी २०१० ला दरड पडली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात नदीची बारीक रेघ रुंदावत गेलेली दिसते. काराकोरम महामार्गाचा एक मोठा तुकडा पाण्याखाली जाताना त्यात मोजता येतो. बिहारमधलं कांवर सरोवर हे बूढी गंडकनं वळण सोडून दिल्यामुळे मागे राहिलं. गंगेच्या मैदानात वरून पाहिलं तर अशी सोडलेली वळणं जागोजाग दिसतात. काही पाण्यानं भरलेली, काही नुसती ओलसर, काहींत भातशेती.

महाराष्ट्राच्या वाट्याला यातलं फारसं काही आलेलं नाही. इथे हिमयुगाचा बर्फ पोचला नाही, आपल्या पठारावर बैकलसारखी भेग पडली नाही. लाव्ह्याच्या थरांवर थर चढले, पठार पूर्वेकडे कललं आणि नद्यांनी कोट्यवधी वर्षांत आपापल्या वाटा इतक्या पक्क्या केल्या की पाणी साचायला नैसर्गिक खळगा असा उरलाच नाही. त्यामुळे आपण ज्यांना तळी म्हणतो त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांना कुठेतरी एक भिंत असते. पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ही तर कोहळी समाजाच्या पिढ्यांनी बांधलेली व्यवस्था. मुंबईचे विहार, पवई, तानसा हे एकोणिसाव्या शतकातले. बाकीची विसाव्या शतकातली धरणं.

लोणार तेवढं निराळं. बुलढाणा जिल्ह्यात बेसॉल्ट खडकावर अशनी आदळून झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वयाबद्दल अभ्यासकांचे दोन तट आहेत: एका पद्धतीनं पन्नास हजार वर्षांच्या आसपास येतं, दुसऱ्या पद्धतीनं त्याच्या दहापट. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. झरे आणि पाऊस यांनी येतं ते फक्त वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणून पाणी खारं आणि अल्कधर्मी.

लोणारचा उल्लेख इथे दोन चित्रांसाठीही करायला हवा. लँडसॅट-८ हा उपग्रह दर सोळा दिवसांनी त्याच जागेवरून जातो. २५ मे २०२० च्या चित्रात लोणारचं पाणी हिरवट आहे, त्यापुढच्याच फेरीत, १० जूनला, गुलाबी. टाळेबंदीचे दिवस होते, लोकांना वेळ होता, आणि ही जोडी जगभर फिरली. नाना तर्क झाले. काहींना त्यात अशुभ दिसलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोचलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव सापडले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. पावसाचं पाणी मिसळल्यावर रंग उतरला. इराणच्या उर्मिया सरोवरात आणि अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या उत्तर भागात हाच रंग उपग्रहांना वर्षानुवर्षं दिसत आला आहे. ग्रेट सॉल्ट लेकमध्ये तर रेल्वेच्या भरावानं सरोवराचे दोन भाग केलेत. नद्यांचं गोडं पाणी दक्षिणेकडे येतं आणि उत्तर भाग अधिक खारा राहतो. चित्रात रेघेच्या एका बाजूला हिरवट निळं पाणी आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी. लोणारचा धक्का दोन चित्रांचा होता. उलगडा व्हायला पाण्याची बाटली प्रयोगशाळेत न्यावी लागली.

उपग्रह पाणी ओळखतो कसा, हे थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या प्रकरणांतल्या चित्रांचे रंग वाचकाला चमत्कारिक वाटतील. डोळ्यांना दिसणाऱ्या लाल रंगाच्या पलीकडे, जवळच्या अवरक्त किरणांत पाहिलं तर पाणी जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेतं आणि काळं दिसतं. हिरवी पानं याच किरणांत झगझगीत दिसतात. म्हणून शेत आणि पाणी इतकं स्वच्छ वेगळं काढता येतं की साध्या डोळ्यांनी विमानातूनही तेवढं जमत नाही. पंचाईत ढगांची. आपली तळी भरतात जुलै ते सप्टेंबरात, आणि नेमके तेच महिने चित्रात कापसासारखे पांढरे. तिथे रडार उपयोगी पडतं. उपग्रह स्वतः लहरी सोडतो, शांत पाणी त्या आरशासारख्या पलीकडे परतवतं, उपग्रहाकडे काहीच येत नाही आणि तळं गडद दिसतं. ढग असोत की अमावस्या. वारा सुटला, पाण्यावर लाटा उठल्या की या रडारचीही फसगत होते.

पाण्याची उंची मोजणारे उपग्रह हा आणखी एक प्रकार. १९९२ चा टोपेक्स-पोसायडन समुद्रासाठी सोडला होता. वाटेत येणाऱ्या मोठ्या सरोवरांची पातळीही तो मोजतो हे हळूहळू ध्यानात आलं आणि जगातल्या कितीतरी सरोवरांची तीस वर्षांची नोंद त्यातून आणि त्याच्यामागून आलेल्या उपग्रहांतून उभी राहिली. १६ डिसेंबर २०२२ ला गेलेला ‘स्वॉट’ हा अमेरिका आणि फ्रान्सचा उपग्रह मुद्दाम पाण्यासाठीच केलेला आहे. अडीचशे मीटर लांब-रुंद तळ्यापर्यंत तो उतरू शकतो.

आपल्या मापात सांगायचं तर लँडसॅटच्या चित्राचा एक ठिपका तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका दहा मीटरांचा, म्हणजे एक गुंठा. गोंदिया-भंडाऱ्याकडची बोडी, म्हणजे शेतातलं लहानसं तळं, लँडसॅटमध्ये मूठभर ठिपक्यांची असते आणि त्यातले निम्मे ठिपके अर्धं पाणी, अर्धा बांध असे भेसळीचे. जलपर्णीनं भरलेलं तळं तर उपग्रहाला शेतच वाटतं. गावातलं पोरगंही सांगेल की खाली पाणी आहे, पण अवरक्त किरणांना वरची हिरवी पानंच दिसतात. तळ्यांचं क्षेत्र ‘घटलं’ म्हणून जाहीर होणाऱ्या आकड्यांत अशी किती झाकली गेलेली तळी असतील याचा हिशेब सहसा कुणी देत नाही.

उजनीचं उदाहरण पुस्तकात मी बरंच लांबवलं आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. सोलापूरकरांना हे आकडे तोंडपाठ असतात, कारण उन्हाळ्यात ‘उजनी उणे वीस टक्के’, ‘उणे चाळीस’ अशा बातम्या रोज येतात. बाहेरच्या माणसाला हे उणे कळत नाही. त्याहून बुचकळ्यात पाडणारी गोष्ट म्हणजे त्याच दिवशीच्या उपग्रहचित्रात उजनीत मैलोगणती पाणी पसरलेलं असतं. उपयुक्त साठा शून्यावर गेला तरी कालव्याच्या तोंडाखालचं पाणी शिल्लक असतं आणि वरून तेही तितकंच काळं दिसतं. नुसतं क्षेत्र मोजून पाण्याची श्रीमंती ठरवणाऱ्यानं उजनीचं एक वर्ष पाहावं.

उजनीचा काठ एका वर्षात काय काय होतो तेही बघण्यासारखं. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं आणि काठाचे ठिपके काळे. जानेवारीकडे पाणी उतरायला लागलं की तिथे तपकिरी पट्टा उघडा पडतो. पुढच्या काही आठवड्यांत या पट्ट्यात हिरवं उमटतं. ती गाळपेर. पाणी हटलं की मागे राहिलेल्या ओल्या, सुपीक गाळात लोक पीक घेतात, बऱ्याचदा चाऱ्याचं. हा हिरवा पट्टा पाण्याच्या मागोमाग आत सरकत जातो, आणि पाऊसकाळात धरण पुन्हा चढलं की सगळं काळ्याखाली जातं. एकच ठिपका वर्षात तळं, चिखल, शेत आणि पुन्हा तळं. जमिनीच्या वापराचा नकाशा करणाऱ्या संगणकाला यातलं एकच काहीतरी निवडावं लागतं. सरकारी दप्तरात ही संपादित जमीन, धरणग्रस्ताच्या मनात ती अजून आजोबाची. पाणी फारच उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि बघायला गर्दी लोटते. दहा मीटरांच्या ठिपक्यात ते मंदिर ओळखू येत नाही.

या सरकत्या काठाचा एक देखणा उपयोग नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या संस्था करतात. धरणाची पातळी रोज नोंदलेली असते. त्या दिवसाचं उपग्रहचित्र मिळालं की पाण्याचा काठ म्हणजे त्या उंचीची समोच्च रेषा झाली. भरलेल्या धरणापासून उन्हाळ्यापर्यंतची चित्रं अशी एकावर एक ठेवली की जलाशयाच्या पोटाचा आकार हाती येतो, न होडी घालता, न दोरी सोडता. धरण बांधलं तेव्हाच्या आकाराशी तो ताडून पाहायचा. जेवढी जागा कमी भरली तेवढा गाळ. नेहमी पाण्याखाली राहणाऱ्या भागाचं मात्र यातून कळत नाही, तिथे होडी लागतेच. मला ही पद्धत आवडते, कारण ती एका चित्रानं होतच नाही.

आता अरल. आटलेल्या तळ्याचं नाव घ्या म्हटलं की जगात कुणीही अरलचंच घेईल. १९६० साली हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं, क्षेत्र सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर. आपल्या मराठवाड्याहून थोडं मोठं. अमूदर्या आणि सीरदर्या या दोन नद्यांवर ते जगत होतं. सोव्हिएत सरकारनं दोन्ही नद्यांचं पाणी मध्य आशियातल्या वाळवंटात कापसाकडे वळवलं. काराकुम कालव्याचं काम १९५४ साली सुरू झालं. अस्तर नसलेल्या कालव्यांतून बरंचसं पाणी वाळूतच मुरत होतं. सरोवर आटणार हे नियोजन करणारांना ठाऊक होतं, आणि कापसाच्या उत्पन्नापुढे ते त्यांना परवडणारं वाटत होतं. अरलच्या गोष्टीत हवामानाला पुढे करणारे लेख मी वाचतो तेव्हा मला त्यांचा राग येतो. हा बळी कालव्यांनी घेतला.

पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ ला गेला. तोवर ओहोटी लागून दशक उलटलं होतं, त्यामुळे भरलेलं अरल पाहायचं तर साठच्या दशकातल्या हेरगिरी उपग्रहांच्या फिल्मा चाळाव्या लागतात. त्यानंतरची चित्रं मात्र सलग आहेत. १९८७ च्या सुमारास सरोवराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे होतात. मधलं वोझ्रोझ्देनिये बेट, जिथे सोव्हिएत लष्कर जैविक शस्त्रांच्या चाचण्या घेत होतं, ते दर वर्षी फुगत जातं आणि २००१ साली मुख्य भूमीला मिळतं. मुयनाकसारखी मासेमारीची बंदरं किनाऱ्यापासून इतकी लांब पडतात की चित्रात त्यांचा पाण्याशी काही संबंध होता हे सांगूनही पटू नये. उघड्या पडलेल्या तळावरून खारट धुळीचे लोट उठलेले दिसतात. २०१४ साली दक्षिण अरलचा पूर्वेकडचा भाग पुरता कोरडा झाला.

जगभर फिरणारी जोडी इथे संपते: तेव्हाचं निळं आणि २०१४ चं पांढरं. मधली चित्रं पाहिली तर २००५ नंतर उत्तरेकडचा तुकडा वाढलेला दिसतो. कझाकस्ताननं जागतिक बँकेच्या मदतीनं कोक-अरल इथे सुमारे तेरा किलोमीटरांचा बांध घातला आणि सीरदर्याचं पाणी दक्षिणेकडे वाया जाणं थांबवलं. पातळी वर्षाच्या आत चढली, खारटपणा उतरला, गोड्या पाण्यातले मासे परतले आणि त्यांच्यामागून मासेमार. हे काही अरलचं पुनरुज्जीवन नव्हे. उत्तर तुकडा मूळ सरोवराच्या मानानं लहान आहे आणि दक्षिण भागाला त्या बांधाचा फायदा नाही. पण ‘अरल मेलं’ हे वाक्य त्या मासेमाराला खोटं ठरवतं. पूर्व भागातही २०१४ नंतरच्या काही वसंतांत पातळ पाणी येऊन गेलेलं दिसतं.

आफ्रिकेतल्या चाड सरोवराचं याहून वाईट झालं. १९६३ चं एक उपग्रहचित्र आणि त्यानंतर चाळीसेक वर्षांनंतरचं एक, अशी जोडी अहवालांत, परिषदांत, पाठ्यपुस्तकांत छापली गेली: सुमारे २५,००० चौरस किलोमीटरांचं सरोवर दहाव्या हिश्शावर आलं, लवकरच नाहीसं होणार. आकडे खरे आहेत. निष्कर्ष घाईचा. साठच्या दशकातलं चाड भरतीच्या काळातलं होतं. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत साहेलमध्ये भीषण दुष्काळ पडले आणि सरोवर कोसळलं. पाऊस सुधारल्यावर ते काहीसं सावरलं आणि तेव्हापासून वर-खाली होत राहिलं. मुळात ते फार उथळ, त्यामुळे पातळी हातभर हलली की काठ मैलभर हलतो. शिवाय पाण्याचा मोठा भाग लव्हाळ्यांखाली दडलेला, आपल्या जलपर्णीसारखंच. चाडच्या काठी माणसं उपाशी आहेत, विस्थापित आहेत, हे खरंच आहे. पण त्यामागे युद्ध आहे, बंडखोर टोळ्या आहेत, सरकारांची बेफिकिरी आहे. सगळं खापर आटणाऱ्या पाण्यावर फोडलं की या तिघांना मोकळं सुटता येतं.

आणि जिथे पाणी वाढतंय तिथे? तिबेटच्या पठारावरची बंदिस्त सरोवरं गेल्या काही दशकांत फुगली आहेत; सेलिंग सरोवरानं वाढता वाढता नामत्सोला मागे टाकून तिबेटमध्ये पहिला क्रमांक घेतला. पाऊस-बर्फ वाढला, त्यात हिमनद्यांचं पाणी मिळालं. काठचे मेंढपाळ त्यावर खूश नाहीत, कारण कुरणं पाण्यात जातात. भारतीय हिमालयाच्या नदीखोऱ्यांत दहा हेक्टरांहून मोठी २,४३१ तळी इस्रोनं मोजली, त्यांतली ६७६ हिमतळी १९८४ पासून लक्षणीय वाढली आहेत. हिमाचलमधलं घेपांग घाट हे ३६ हेक्टरांवरून १०१ हेक्टरांवर गेलं. ल्होनाक हे एकटं नव्हतं.

साऱ्या जगाची बेरीज करण्याचाही प्रयत्न झाला आहे. १९८४ ते २०१५ मधली तीस लाख लँडसॅट चित्रं तपासून युरोपीय संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की कायमचं पाणी असलेली सुमारे ९०,००० चौरस किलोमीटर जागा कोरडी पडली आणि दुसरीकडे १,८४,००० चौरस किलोमीटर नव्यानं पाण्याखाली आली. बेरीज बघून कुणी सुखावेल. कोरड्या पडलेल्या जागेचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग मध्य आशिया आणि मध्यपूर्वेतल्या पाच देशांत आहे. नव्या पाण्यात धरणांच्या जलाशयांचा वाटा मोठा आहे. भलत्या ठिकाणी झालेल्या धरणानं अरलची तूट भरून निघत नाही. २०२३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात जवळपास दोन हजार मोठ्या सरोवर-जलाशयांची पासबुकं तपासली गेली, तेव्हा निम्म्याहून अधिकांची शिल्लक तीन दशकांत घटलेली निघाली. यात हवामानबदल आहे, उपसा आहे, जलाशयांतला गाळ आहे. कुठे कशाचा वाटा किती, हे तळ्यागणिक निराळं.

जोडीची चित्रं नेहमीच खोटी असतात असंही नाही. जून २०१८ आणि जून २०१९ मधली चेन्नईच्या पुळल तलावाची चित्रं शेजारी ठेवली तर शहराचा घसा कोरडा का पडला हे एका नजरेत कळतं. पण त्याच शहरात डिसेंबर २०१५ मध्ये चेंबरंबाक्कमचं पाणी सोडल्यावर पूर आला होता, आणि ते चित्र या जोडीत नाही. तिसरं चित्र ठेवलं की प्रश्न पावसाचा राहत नाही, साठवणुकीचा होतो.

पुस्तकाची मांडणी खंडांनुसार केलेली नाही. तळं कशानं झालं आणि कशानं बदललं, या क्रमानं प्रकरणं आहेत, त्यामुळे लोणारशेजारी कॅनडाचं मानिकुआगान येईल आणि उजनीशेजारी अरल. गणित टाळलं आहे, मापं टाळलेली नाहीत. प्रत्येक चित्राखाली तारीख आणि महिना दिला आहे. तो न बघता पान उलटू नये.

शेवटी एक विनंती. लँडसॅटचा सगळा साठा २००८ पासून फुकट आहे, सेंटिनेलची चित्रंही फुकट मिळतात आणि इस्रोचं ‘भुवन’ संकेतस्थळ मोबाइलवरही उघडतं. आपल्या तालुक्यातलं एखादं धरण किंवा गावतळं निवडा. ढग गेल्यानंतरचं नोव्हेंबरचं एक चित्र आणि मे महिन्यातलं एक, अशी मिळतील तेवढ्या वर्षांची चित्रं काढा. महिना बदलू नका, चांगल्या पावसाची वर्षं गाळू नका. मग सिंचन शाखेत जाऊन त्या तारखांच्या पातळ्या विचारा आणि काठावर गाळपेर करणाऱ्या माणसाशी बोला. हे पुस्तक त्यानंतर वाचलंत तरी चालेल.